मामी म्हणाली, बघून ये

२०२३ सालची दिवाळी नुकतीच उरकली होती. मामीचा फोन आला. मामी पंचाहत्तरीची, शहापुरात राहते, आणि फोनवर नमनाला घडाभर तेल घालत नाही.

"अरे, तू शिकलेला माणूस. अक्का दर गुरुवारी चर्चला जायलीय म्हणे. काय चाललंय तिथं, एकदा बघून ये की. पैसे देतात की काय देतात, ते पण बघ."

अक्का म्हणजे मामीची थोरली मुलगी, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. शेजारच्या कानडी घरांमुळे तिला सगळी गल्ली अक्काच म्हणते, आता मामीसुद्धा. २०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिचा नवरा गेला. मुलगा हुबळीला इंजिनिअरिंगला. अक्का शिवणक्लास चालवते, कोणापुढे हात पसरत नाही. त्यामुळे पैशाचा प्रश्न मला पटला नव्हता. तरी गेलो. भाचा म्हणून गेलो म्हणा, हेर म्हणून गेलो म्हणा.

चर्चच्या मागे छोटा हॉल. प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या, पाच माणसं आणि फादर. मला वाटलं होतं, गाणी असतील, साक्षी असतील, चमत्काराच्या गोष्टी असतील. तसलं काही नव्हतं. एक उतारा वाचला गेला, मग प्रश्न आणि गप्पा. मामीला कळवण्यासारखी देवाणघेवाण म्हणजे चहा आणि खारी, आणि तीसुद्धा ज्याची पाळी त्याने घरून आणायची. दुसऱ्या गुरुवारी ती माझ्यावर आली. मी चाललो कशाला, हे तेव्हा विचारायला हवं होतं. पण मी जात राहिलो.

त्या पाचांतला एक टेम्पोचालक होता. त्याची बायको कॅथलिक, नर्स. लग्नाला अकरा वर्षं झालेली. मला वाटलं, लग्नासाठी धर्म बदलायला लावला असेल. तसं नव्हतं. बिशपची सूट घेऊन ख्रिस्ती नसलेल्याशी चर्चमध्ये लग्न लागू शकतं, आणि त्याचं तसंच लागलं होतं. अकरा वर्षांत त्याला कोणी काही म्हटलं नाही. "पण रात्री माझ्या दोन्ही पोरी प्रार्थनेला बसतात, आणि मी बाजूला बसून मोबाइल बघतो," तो म्हणाला. त्याचं कारण एवढंच. दुसरे एक निवृत्त मास्तर, बैलहोंगलकडचे. वचनसाहित्य तोंडपाठ. ते चार-पाच महिने आले, फादरांना भरपूर पेचात टाकलं, आणि एके दिवशी म्हणाले, माझं उत्तर मला माझ्या घरातच मिळालं. फादर त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. आजही बाजारात भेटले की दोघं उभे राहून बोलतात.

अक्काला मात्र कारण नीट सांगता आलं नाही. "मला कोणी बोलावलं नाही. मीच जाऊन मागच्या बाकावर बसायची," एवढंच ती म्हणे.

ही प्रौढांची तयारी काय असते, हे मलाही तोवर ठाऊक नव्हतं. ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या शतकांत बाहेरून येणाऱ्याला लांबलचक उमेदवारी करावी लागे. पुढे तान्ह्या मुलांचाच बाप्तिस्मा सर्रास होऊ लागला आणि ही पद्धत मागे पडली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली ती पुन्हा सुरू करायला सांगितलं आणि १९७२ मध्ये तिचा विधी छापून आला. आधी नुसती चौकशी. मग स्वीकाराचा विधी, त्यात कपाळावर क्रुसाची खूण करतात. मग शिकवण, ती कधी काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात निवड, तीन रविवारी मन तपासण्याचे विधी, आणि शेवटी ईस्टरच्या आदल्या रात्री पाणी, तेल आणि भाकर. सोबतीला धर्ममाता किंवा धर्मपिता लागतो. अक्काची धर्ममाता गल्लीतलीच, तिच्याकडे ब्लाऊज शिवून घेणारी. बळजबरी चालत नाही, हे चर्चच्या कायद्यातच लिहिलेलं आहे.

भाषेची गंमत वेगळीच. फादरांची मायबोली कोंकणी, टेम्पोवाल्याची कन्नड, अक्काची आपली बेळगावी मराठी. उपवासकाळाला फादर 'करेज्म' म्हणत, कानडी पुस्तकात 'तपस्सुकाल'. बाप्तिस्म्याला वसईकडचे कॅथलिक 'स्नानसंस्कार' म्हणतात, कन्नडमध्ये 'दीक्षास्नान'. माझ्याकडे बघत फादर म्हणाले, "सर, तुम्ही सांगा, कुठला शब्द घ्यायचा?" मी काही बोलायच्या आत अक्का म्हणाली, "दीक्षा म्हटलं की मला कळतंय." लिंगायतांच्या शेजारात वाढलेली ती, तिला ते कळणारच.

त्या रात्री घरी येऊन मी एम. ए.ला नेमलेलं 'ख्रिस्तपुराण' काढलं. इंग्लंडातून आलेला फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरला, आपली भाषा शिकला आणि सुमारे ११ हजार ओव्या लिहून गेला. १६१६ साली ते राशोलला छापलं गेलं. परीक्षेपुरतं मी ते भाषेसाठी वाचलं होतं. नव्याने ख्रिस्ती झालेली माणसं शंका विचारतात आणि पाद्री उत्तरं देतो, अशी त्याची मांडणी आहे, हे पंचवीस वर्षांनी खुर्च्यांच्या त्या गोलामुळे डोक्यात शिरलं.

पण मामीची धास्तीही पोकळ नव्हती. तिचं माहेर डिचोलीकडचं. नार्व्याचा सप्तकोटेश्वर मूळ दिवाडी बेटावरचा, तिथलं देऊळ पाडल्यावर नदीपलीकडे आलेला, हे ती आईच्या मांडीवर ऐकत वाढली. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात इन्क्विझिशन होतं. 'बाटला' हा शब्द तिच्या माहेरी हळू आवाजात उच्चारला जाई. मी तिला गुरुवारच्या चहाचा वृत्तान्त दिला, ती म्हणाली, "सुरुवातीला चहाच देतात रे." तिला पटवून देणं माझं काम नव्हतं, आणि मला जमलंही नसतं.

इकडे आपल्या सुवर्ण विधानसौधातच २०२१ च्या डिसेंबरात विधानसभेने धर्मांतराविरुद्धचं विधेयक संमत केलं होतं. २०२२ मध्ये त्याचा कायदा झाला. धर्म बदलणाऱ्याने तीस दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असं त्यात होतं. २०२३ च्या जूनमध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. फादर कागदाच्या बाबतीत सावध होते. अक्काकडून स्वखुशीचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडे करून घेतलं. पण त्यांची खरी अट कागदाची नव्हती. "आईला सांगितलंत?" त्यांनी विचारलं. अक्का गप्प. "मग या ईस्टरला नको. घाई कसली?"

म्हणून २०२४ चा ईस्टर गेला. मला फादरांचा तेव्हा थोडा रागच आला. बेचाळीस-पन्नाशीच्या बाईला आईची परवानगी कशाला? आता वाटतं, परवानगी त्यांनी मागितलीच नव्हती. सांग, एवढंच म्हणाले होते.

अक्काने गणपतीत सांगितलं. मामी दोन महिने तिच्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा तीन प्रश्न एकदम आले. नाव बदलणार काय? नाही, तशी सक्ती नसते. टिकली काढणार काय? नाही. आणि जावयाचं श्राद्ध? यावर अक्का फादरांशी आधीच बोलून आली होती. मुलगा हिंदूच आहे, तो करील. अक्का स्वयंपाक करील, आणि चर्चमध्येही नवऱ्यासाठी प्रार्थना करील. "म्हणजे दोन्हीकडनं," मामी म्हणाली. हे खूश होऊन म्हणाली की कुचकटपणे, ते मला आजही सांगता येणार नाही.

२०२५ चा पाडवा ३० मार्चला, रविवारी आला. नेमका तोच उपवासकाळातला चौथा रविवार. सकाळी अक्का चर्चमध्ये सगळ्यांसमोर खाली मान घालून उभी होती. त्या दिवशी जन्मांध माणसाची गोष्ट वाचतात. तिथून ती थेट मामीकडे. गुढी उभी होती. मामीने न बोलता बेवु-बेल्लाची वाटी पुढे केली. माझी बायको गोकाकची, तिचा श्वास अडकलेला मला जाणवला. अक्काने चिमूट घेतली, चावली. "गूळ जास्त झालाय, आई," म्हणाली.

बाप्तिस्म्याला पांढरं वस्त्र लागतं, हे मामीला कळलं आणि पुन्हा तंटा. "पांढरं? आता तिला पांढरं नेसवताय?" चार वर्षांपूर्वी अक्काला पांढरं नेसू न देणारी हीच बाई. त्यांच्यात ते आनंदाचं मानतात, असं मी समजावलं. बराच वेळ ती पानदान चाळत बसली. "काठ तरी लाल असू दे," म्हणाली.

१९ एप्रिलच्या रात्री आम्ही तिघं गेलो, मी, बायको आणि अक्काचा मुलगा. मामी आली नाही. चर्चच्या अंगणात विस्तव पेटवला, त्यावरून मोठी मेणबत्ती लावली, आणि अंधाऱ्या चर्चमध्ये एकाची ज्योत दुसऱ्याला लागत गेली. वाचनं फार लांबली, हे कबूल करतो. मग टेम्पोवाला वाकला, त्याच्या पोरी पुढे सरसावून बघत होत्या. मग अक्का. डोक्यावर तीनदा पाणी. आईचे ओले केस पुसायला टॉवेल मुलगाच धरून उभा होता. नंतर लाल काठाचं इरकल, हातात मेणबत्ती, कपाळावर तेल. टिकली तेवढ्यात पुसली गेली, तिने ती पर्समधून काढून पुन्हा लावली.

सोमवारी दुपारी मी अक्काकडे डबा परत द्यायला गेलो होतो. मशीन चालू होतं. फोन वाजला, तिने स्पीकरवर टाकला. मामी.

"अगं, तुमचे पोप गेले की. टीव्हीवर दाखवालेत." मग जरा थांबून, "जेवलीस काय गं?"