उपाशीपोटीचा रिपोर्ट, दुपारची साखर

मालवणजवळच्या देवबागात दारात माड असतो, पण डायलिसिसवरच्या माणसाला शहाळं वर्ज्य. त्यातलं पोटॅशियम हृदयाला झेपत नाही. मूत्रपिंड बदललं की पथ्य सैल होतं, तोंडाला चव येते, उकड्या तांदळाचा भात आणि बांगड्याचं तिखलं पुन्हा ताटात येतं. आणि काही महिन्यांत डॉक्टर काहींना सांगतात, मधुमेह झालाय. ‘गोड खाऊक नाय, तरी साखर खयसून इली?’ असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे.

ती बरीचशी औषधांमुळे येते. शरीरानं परकं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस रोज घ्यावं लागतं. जपानमधल्या त्सुकुबा डोंगराच्या मातीतल्या जिवाणूपासून १९८४ साली ते हाती लागलं. प्रतिकारपेशींतलं कॅल्सिन्युरिन नावाचं विकर ते अडवतं. पंचाईत अशी, की स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींनाही तेच विकर लागतं. जोडीला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड असतं. त्यानं भूक खवळते आणि इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं. शिवाय निकामी मूत्रपिंड इन्सुलिन सावकाश मोडायचं, म्हणून साखर झाकलेली राहायची. नवं मूत्रपिंड ते झटपट मोडतं. म्हणजे मूत्रपिंड उत्तम चालतंय, हाही गुन्हाच! वेगवेगळ्या पाहण्यांत असा मधुमेह १० ते ४० टक्के रुग्णांना झालेला दिसतो.

माझी तक्रार आहे ती तपासणीच्या वेळेबद्दल. टॅक्रोलिमसची पातळी सकाळच्या गोळीआधी बघतात. त्यामुळे रुग्ण पहाटे उपाशी निघतो आणि त्याच सुईत साखरही तपासून घेतो. पण सकाळच्या प्रेडनिसोलोनचा जोर चढतो दुपारनंतर. उपाशीपोटी ९५ आणि भात जेवून चार वाजता २४०, असं सहज होऊ शकतं. एचबीए१सी ही सरासरी साखरेची तपासणीसुद्धा पहिल्या काही महिन्यांत फसवते, कारण रक्त कमी असतं किंवा नुकतंच चढवलेलं असतं. व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी संध्याकाळची साखर बघून लगेच इन्सुलिन सुरू केलं, तेव्हा ५० रुग्णांच्या त्या चाचणीत वर्षअखेर मधुमेह बराच कमी आढळला. ती २०१२ची गोष्ट. पुढच्या मोठ्या चाचणीत फरक इतका ठळक दिसला नाही.

साखर वाढली म्हणून टॅक्रोलिमस स्वतःच्या मनानं बंद करू नका, मूत्रपिंड हातचं जाईल. परसातलं पपनसही नको, त्यानं रक्तातलं औषध वाढतं. आणि पुढच्या खेपेला तपासणीसाठी गोव्यात बांबोळीला किंवा मुंबईला जाताना दुपारी चारच्या साखरेचे आकडे वहीत लिहून न्या.