पृथ्वीवरील पाणी सूर्याहूनही जुने?
तारकानिर्मितीच्या अभ्यासातून उलगडलेला पाण्याचा प्रवास

पेल्यातील पाणी किती जुने असते? सूर्याचा जन्म सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी झाला. पृथ्वीवरील पाण्याचा काही भाग मात्र त्याही आधी, अतिशीत अवकाशात तयार झाला असावा, असे मानण्यास आता सबळ आधार आहे. तो उभा करण्यात हॉलंडमधील लायडन विद्यापीठाच्या खगोलशास्त्रज्ञ एविन व्हॅन डिशूक यांचा वाटा मोठा आहे.

व्हॅन डिशूक मूळच्या रसायनशास्त्राच्या. १९५५ मध्ये लायडन येथेच त्यांचा जन्म झाला. क्वांटम रसायनशास्त्रात संशोधन करण्याची त्यांची इच्छा होती. परंतु त्या विषयाच्या प्राध्यापकांचे निधन झाले आणि जागा रिकामी राहिली. खगोलशास्त्र शिकणारे त्यांचे मित्र व पुढे पती झालेले टिम डी झीऊ यांनी, अवकाशातील रेणूंचा अभ्यास का करू नये, असे सुचवले. त्यातून हार्वर्डचे अलेक्झांडर डालगार्नो यांच्याशी संपर्क झाला आणि १९८४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

तारे जन्मतात ते वायू आणि धूळ यांच्या थंड मेघांत. या मेघांत सर्वाधिक असलेला हायड्रोजनचा रेणू इतक्या थंडीत जवळपास अदृश्यच राहतो. त्यामुळे मेघाचे वस्तुमान मोजण्यासाठी कार्बन मोनॉक्साइडचा आधार घेतात. अतिनील किरणांनी हा रेणू कसा तुटतो आणि मेघात कोठे टिकतो, याचे गणित व्हॅन डिशूक यांनी जॉन ब्लॅक यांच्यासह १९८८ मध्ये मांडले.

पाण्याचा शोध अधिक कठीण होता. पृथ्वीच्या वातावरणातील बाष्पच अवकाशातून येणारे पाण्याचे संकेत अडवते. त्यावर उपाय ठरली ती २००९ मध्ये युरोपने सोडलेली हर्शेल दुर्बीण. तिची उपकरणे थंड ठेवणारे हेलियम संपताच, एप्रिल २०१३ मध्ये तिचे काम थांबले. त्या मर्यादित आयुष्यातील सुमारे ४२५ तास व्हॅन डिशूक यांच्या नेतृत्वाखालील ‘विश’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाला मिळाले. सुमारे ८० ठिकाणांच्या निरीक्षणांतून दिसले ते असे, की तारा जन्मण्याआधीच बहुतांश पाणी धूलिकणांवर बर्फाच्या रूपात तयार झालेले असते.

केवळ दुर्बीण रोखून हे समजत नाही. उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास बर्फात कोणत्या रासायनिक क्रिया घडतात, हे लायडनच्या प्रयोगशाळेत तपासले जाते. निरीक्षण, प्रयोग आणि गणित यांची ही सांगड हेच व्हॅन डिशूक यांच्या कारकीर्दीचे वैशिष्ट्य होय.

तरीही एक प्रश्न उरला. नव्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या, ग्रहांना जन्म देणाऱ्या तबकडीत हे पाणी तसेच पोहोचते, की उष्णतेने मोडून नव्याने बनते? उत्तर जड पाण्यात दडले होते. अतिशीत वातावरणात बनलेल्या पाण्यात ड्युटेरियमचे, म्हणजे जड हायड्रोजनचे, प्रमाण अधिक असते. तबकडीच्या उष्ण भागात नव्याने बनलेल्या पाण्यात ते घटते.

सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर असलेल्या व्ही ८८३ ओरायनिस या ताऱ्याच्या उद्रेकामुळे भोवतीच्या तबकडीतील बर्फाची वाफ झाली होती. चिलीतील ‘अल्मा’ दुर्बिणींनी ती टिपली. जॉन टोबिन यांच्या नेतृत्वाखालील पथकाने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या या संशोधनात व्हॅन डिशूक सहभागी होत्या. पृथ्वीवरील सर्व महासागरांच्या किमान १,२०० पट पाणी तेथे वायुरूपात आढळले. त्यातील जड पाण्याचे प्रमाण नवजात ताऱ्यांभोवतीच्या मेघांशी आणि आपल्या सूर्यमालेतील धूमकेतूंशी जुळणारे होते. याचा अर्थ, मेघातील पाणी फारसे न बदलता तबकडीत आणि तेथून धूमकेतूंत उतरते.

व्हॅन डिशूक यांना २०१८ मध्ये खगोलभौतिकीचे कावली पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी त्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाच्या अध्यक्ष झाल्या. १९७९ मध्ये याच पदावर भारताचे वेणू बाप्पू निवडून आले होते.

पृथ्वीपर्यंत पाणी नेमके कोणत्या वाटेने आले, हा वाद अद्याप मिटलेला नाही. मात्र ताऱ्यांच्या जन्माआधीच पाणी तयार असेल, तर इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांनाही ते जन्मतःच लाभू शकते. जीवसृष्टीसाठी अत्यावश्यक असलेला हा पदार्थ विश्वात दुर्मीळ नसावा, ही शक्यता त्यामुळे बळावली आहे.