बापाची शपथ, लेकांचा शेवट

मरणाच्या दारात असलेला बाप मुलांना जवळ बोलावतो आणि सांगतो, ‘माझा सूड घ्या.’ अनेक देशांच्या वीरकथा या एका वाक्यावर उभ्या आहेत. मुलगा मोठा होतो, शस्त्र उचलतो, वैऱ्याला गाठतो आणि कथा संपते. जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) यांनी मात्र अशा शपथेतून एका कुळाचा सर्वनाश कसा झाला ते सांगितले. आणि ते मरणापाशीही थांबले नाहीत. सूडाची शपथ घेऊन मेलेला माणूस मेल्यानंतर कुठे जातो, तिथे त्याचे काय होते, त्याची सुटका कोण करतो, याचाही त्यांनी आयुष्यभर विचार केला. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ आपल्याकडे चित्रपटांमुळे घरोघरी पोचले. त्याच्या मागे उभी असलेली फेआनोरच्या शपथेची कथा मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. वैराच्या वारशाबद्दल इतके खोल जाणारे आधुनिक लेखन मला दुसरे माहीत नाही.

कथेची जन्मभूमी

टॉल्किन ऑक्सफर्डमध्ये प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक होते. ‘बेओवुल्फ’, आइसलँडमधल्या जुन्या गाथा, फिनलंडचे ‘कालेवाला’ हे त्यांचे रोजचे वाचन. या साऱ्या उत्तरेकडच्या साहित्यात रक्ताचा बदला रक्ताने घेण्याची रीत ठायी ठायी दिसते. ‘कालेवाला’तला कुल्लेर्वो आपल्या घराण्याच्या सूडापायी स्वतःचाच घात करून घेतो. त्याची कथा तरुण टॉल्किन यांनी आपल्या परीने पुन्हा लिहायला घेतली होती. पुढे १९१६ मध्ये ते सोमच्या लढाईत होते. जिवलग मित्र त्या युद्धात गेले. ते स्वतः खंदकातल्या तापाने आजारी पडून मायदेशी परतले आणि त्याच काळात त्यांच्या पुराणविश्वातल्या पहिल्या कथा कागदावर उतरू लागल्या. त्यांवर ते शेवटपर्यंत काम करत राहिले. त्यांच्या निधनानंतर चिरंजीव ख्रिस्तोफर यांनी त्या संपादित करून १९७७ मध्ये ‘द सिल्मारिलियन’ प्रसिद्ध केले. मागे राहिलेल्या खर्ड्यांचे बारा खंड १९८३ ते १९९६ या काळात निघाले.

शपथ

फेआनोर हा नोल्दोर नावाच्या एल्फ जमातीचा राजपुत्र. एल्फ म्हणजे दिसायला माणसासारखेच, पण वार्धक्याने न मरणारे लोक. फेआनोर त्यांच्यातला सर्वांत कुशल कारागीर. जगाला उजळवणाऱ्या दोन दिव्य वृक्षांचा प्रकाश त्याने तीन रत्नांत साठवला. हीच ती सिल्मारिल. मोर्गोथ या दुष्ट शक्तीने ते वृक्ष मारले. वनस्पतींची देवता यावान्ना हिने विनवले, की रत्ने दिलीस तर त्यांच्या प्रकाशाने वृक्ष पुन्हा जगवता येतील. फेआनोरने नकार दिला. पाठोपाठ बातमी आली, की मोर्गोथने फेआनोरचे वडील राजा फिन्वे यांना त्यांच्याच घराच्या दारात मारले आणि रत्ने पळवली. त्या पवित्र भूमीत सांडलेले ते पहिले रक्त.

फेआनोरचा आक्रोश खरा होता, हे टॉल्किन कुठेही नाकारत नाहीत. बापाचा खून झाला होता, आयुष्याची निर्मिती लुटली गेली होती. मशालींच्या उजेडात, तिरिओन नगराच्या चौकात त्याने शपथ घेतली आणि त्याचे सातही पुत्र उडी मारून त्याच्या शेजारी उभे राहिले. देव असो, दैत्य असो, एल्फ असो की अजून जन्मालाही न आलेला माणूस असो, जो कोणी सिल्मारिल स्वतःजवळ ठेवील त्याचा जगाच्या अंतापर्यंत द्वेषाने पाठलाग करू, असे त्या आठ जणांनी उच्चारले. शपथ त्यांनी विश्वाचा निर्माता इलुवातार याच्याच नावाने घेतली. शपथ पाळली नाही तर अनंत काळोख आमच्या वाट्याला येवो, असे स्वतःच मागून घेतले.

या शपथेत फटी दोन. चोर कोण, हे ठाऊक असूनही शपथ चोरापुरती राहिली नाही. पुढे कधीतरी रत्न ज्याच्या हाती पडेल, तो कितीही निष्पाप असला तरी वैरी ठरणार होता. दुसरी फट आणखी घातक. ज्याच्या नावाने शपथ घेतली तो जगाच्या पलीकडे. शपथेतून मोकळे करणारे कोणी जगात उरलेच नाही.

रक्ताचा हिशेब

मोर्गोथचा माग काढायला समुद्र ओलांडायचा, तर जहाजे हवीत. अल्क्वालोंदे बंदरातल्या तेलेरी एल्फांनी ती द्यायला नकार दिला, तेव्हा फेआनोरच्या लोकांनी त्यांची कत्तल करून जहाजे ताब्यात घेतली. सूडाच्या वाटेवर पडलेला पहिला बळी भाऊबंदांचा होता. पलीकडे उतरल्यावर फेआनोर लवकरच लढाईत पडला. मरताना मोर्गोथचा प्रचंड गड दूरवर दिसत होता आणि आपल्या लोकांच्या बळाने तो कधीही कोसळणार नाही, हे त्याला त्या अखेरच्या क्षणी स्पष्ट कळले. तरीही त्याने मुलांना बजावले, शपथ सोडू नका, बापाचा सूड घ्या.

माझ्या मते साऱ्या कथेतला सर्वांत भयंकर क्षण हाच. जे अशक्य आहे हे स्वतःला उमगले, तेच त्याने पोरांच्या गळ्यात बांधले. चौकात मुलांनी रागाच्या भरात स्वतःहून शपथ घेतली होती. आता तिच्यावर मरणाऱ्या बापाचा शब्द चढला आणि मागे फिरण्याची वाट बुजली.

पुढे बेरेन नावाचा माणूस आणि लूथिएन ही एल्फ राजकन्या यांनी जिवावर उदार होऊन एक सिल्मारिल मोर्गोथच्या मुकुटातून काढले. ते त्यांचा मुलगा दिओर याच्याकडे आले. फेआनोरच्या पुत्रांनी दिओरच्या राज्यावर हल्ला केला. दिओर मेला, हल्लेखोरांपैकी तिघे भाऊही मेले. दिओरच्या दोन लहानग्यांना सैनिकांनी उपाशी मरायला रानात सोडून दिले. थोरला भाऊ मायध्रोस पश्चात्तापाने त्या मुलांना रानोमाळ शोधत राहिला, ती सापडली नाहीत. त्यांची बहीण एल्विंग रत्न घेऊन निसटली, तर काही वर्षांनी तिच्यावरही हल्ला झाला आणि आणखी दोन भाऊ पडले. खुद्द मोर्गोथच्या मुकुटातून या सात भावांना एकही रत्न मिळवता आले नाही.

मांदोसची दालने

टॉल्किन यांच्या विश्वात माणूस मेला की जगाच्या पलीकडे जातो. कुठे, ते एल्फांनाही ठाऊक नाही. एल्फ मात्र जगाला बांधलेला आहे. त्याचे शरीर पडले की आत्म्याला पश्चिमेच्या टोकाला असलेल्या मांदोसच्या दालनांतून हाक येते. तिथला अधिपती नामो हा मृतांचा न्यायाधीश. त्याची पत्नी वाइरे काळात घडलेले सारे वस्त्रांत विणते आणि ती वस्त्रे दालनांच्या भिंतींवर चढत जातात. निएन्ना ही करुणेची देवता तिथे येऊन वाट पाहणाऱ्यांचे दुःख हलके करते. इथे आगीच्या कढया नाहीत, यमदूतांचे फटके नाहीत. आत्मा थांबतो, आपण काय केले ते पाहतो, बरा होतो आणि योग्य वेळी पुन्हा देह धारण करून आप्तांत परततो.

बंदरातल्या कत्तलीनंतर नामोने फेआनोरच्या लोकांना जो शाप सुनावला, त्यात याच दालनांचा उल्लेख आहे. तुम्ही माराल-मराल, देहाविना इथे याल, देहासाठी झुराल. आणि तुम्ही ज्यांना मारले ते सारे तुमच्यासाठी रदबदली करू लागले, तरी तुम्हाला फारशी दया मिळणार नाही, असा त्याचा आशय. मारलेल्यांनीच मारणाऱ्यासाठी गयावया करावी, ही कल्पना टॉल्किन किती सहज मांडून जातात! वैर तिथपर्यंत मावळू शकते. अडकून राहतो तो शपथ घेणारा.

आपल्या महाभारताचा शेवट इथे आठवल्याशिवाय राहत नाही. स्वर्गात पोचलेल्या युधिष्ठिराला दुर्योधन आसनावर विराजमान दिसतो आणि तो संतापतो. इथे वैर उरत नाही, असे नारद त्याला समजावतात. अखेर स्वर्गंगेत स्नान केल्यावर मानवी देहासोबत युधिष्ठिराचे वैरही गळून पडते. व्यासांनी वैर धुऊन टाकणारी नदी दिली. टॉल्किन यांच्या दालनांत तशी नदी नाही. तिथे वैर आत्म्याने स्वतःच सोडावे लागते आणि त्याला युगे लागू शकतात. फेआनोर त्या दालनांतून बाहेर आला नाही, असे प्रसिद्ध ग्रंथ सांगतो. शपथेत मागितलेल्या अनंत काळोखाची गरजच पडली नाही.

त्याच दरबारात दुसरी शपथ

टॉल्किन यांना शपथच वाईट वाटत होती, असे कोणी समजू नये. फेआनोरच्या सावत्र भावाचा मुलगा फिनरोद एका लढाईत शत्रूच्या वेढ्यात सापडला, तेव्हा बाराहिर नावाच्या माणसाने त्याला वाचवले. तुझ्या आणि तुझ्या वंशजांच्या संकटात मी धावून येईन, असे वचन देऊन फिनरोदने त्याला आपली अंगठी दिली. बाराहिर गेला. त्याचा मुलगा बेरेन ती अंगठी घेऊन फिनरोदच्या दरबारात उभा राहिला आणि सिल्मारिल आणण्यासाठी मदत मागू लागला. ही शपथही बापाकडून मुलाकडे आलेली होती. फरक एवढाच, की मुलाच्या हाती आले ते घेणे होते, देणे फिनरोदच्या माथी राहिले.

त्याच दरबारात फेआनोरचा मुलगा केलेगोर्म तलवार उपसून उठला आणि त्याने आपली शपथ पुन्हा गर्जून सांगितली. प्रजा घाबरली. फिनरोदने मुकुट उतरवून ठेवला आणि अवघ्या दहा सोबत्यांनिशी तो बेरेनबरोबर निघाला. शत्रूच्या अंधारकोठडीत बेरेनवर लांडगा सोडला गेला, तेव्हा फिनरोद हातांनी आणि दातांनी त्याच्याशी झुंजला, त्याला मारले आणि स्वतः मेला.

फेआनोर आणि फिनरोद, दोघांनीही शब्द पाळला. दोघेही मांदोसला गेले. फेआनोर तिथेच राहिला. फिनरोद परतला आणि आपल्या वडिलांसोबत वृक्षांच्या छायेत फिरतो, असे ग्रंथ सांगतो. म्हणजे त्या न्यायाधीशापुढे शब्द पाळला की मोडला, एवढाच प्रश्न नव्हता. शब्दाची किंमत कोणाच्या प्राणांनी चुकवली, हे तिथे पाहिले गेले. फिनरोदने ती स्वतः चुकवली, फेआनोरने आणि त्याच्या मुलांनी ती इतरांकडून वसूल केली.

कोण सोडवणार?

शेवटी उरले दोन भाऊ, मायध्रोस आणि माग्लोर. देवांच्या सैन्याने मोर्गोथला हरवले आणि उरलेली दोन रत्ने ताब्यात घेतली. माग्लोर थकला होता. आपण शरण जाऊ, असे तो म्हणाला. मायध्रोसचा प्रश्न असा, की ज्याच्या नावाने शपथ घेतली तो इलुवातार जगापलीकडे. आपल्याला सोडवणार कोण? माग्लोरचे उत्तर माझ्या लेखी या ग्रंथातले सर्वांत शहाणे उत्तर आहे. शपथ पाळली काय, मोडली काय, काळोख ठरलेलाच असेल, तर मोडल्याने निदान अनर्थ कमी होईल. पण थोरल्यापुढे तो नमला. दोघांनी पहारेकरी मारून रत्ने पळवली आणि ती हातात धरताच त्यांचे हात भाजले. त्यांचा हक्क केव्हाच संपला होता. मायध्रोसने रत्नासकट पेटत्या दरीत उडी घेतली. माग्लोरने आपले रत्न समुद्रात फेकले.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये टॉल्किन याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतात. डनहॅरोच्या डोंगरवासीयांनी राजा इसिल्दूरला दिलेली शपथ मोडली आणि त्याच्या शापाने ते मेल्यावरही भुते होऊन डोंगरात अडकले. तीन हजारांहून अधिक वर्षांनी इसिल्दूरचा वारस अरागोर्न आला. त्याने त्यांच्याकडून शब्द पुरा करून घेतला आणि त्याच क्षणी त्यांना मोकळे केले. वारसाला मिळणाऱ्या हक्कांत सर्वांत मोठा हक्क हा असतो, ‘झाले, आता पुरे,’ असे म्हणण्याचा. फेआनोरच्या मुलांना तो कोणी दिला नाही आणि त्यांनी तो घेण्याचे धाडस केले नाही.

साखळी तोडणारे

तरी त्या कुळात एक जण वेगळा निघाला. फेआनोरचा नातू केलेब्रिंबोर याने बापाची कृत्ये नाकारली आणि त्याची साथ सोडली. आजोबांचे हस्तकौशल्य त्याने घेतले, वैर घेतले नाही.

आणि मग एलरोंद. सूडाचा हक्क कोणाला असेल तर त्याला होता. त्याचे आजोबा दिओर फेआनोरच्या मुलांच्या हल्ल्यात मेले, दोन मामा रानात हरवले, आई एल्विंग याच हल्लेखोरांपुढे समुद्रात झेपावली. एलरोंद आणि त्याचा भाऊ एलरोस तेव्हा लहान होते. त्यांना माग्लोरने सांभाळले आणि कोणाला वाटले नसेल इतका जिव्हाळा त्यांच्यात निर्माण झाला. ज्या हातांनी घर उद्ध्वस्त केले, त्याच हातांनी वाढवलेला हा मुलगा. शपथ माणसाचे काय करते, हे त्याच्याइतके जवळून कोणी पाहिले होते? हजारो वर्षांनंतर ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधली दुष्ट अंगठी नष्ट करायला निघालेल्या नऊ जणांना त्याने निरोप दिला, तेव्हा अंगठी वाहणाऱ्याच्या सोबत्यांवर कसलीही शपथ लादली नाही. जमेल तिथवर चला, एवढेच सांगितले. मोहीम फत्ते झाली.

टॉल्किन यांच्या जुन्या खर्ड्यांत काळाच्या शेवटची एक भविष्यवाणी आहे. तिच्यात मोर्गोथला शिक्षा मिळते, म्हणजे न्याय टळत नाही. आणि फेआनोर अखेर तीनही रत्ने स्वतःच्या हाताने यावान्नाला देतो, त्यांतून वृक्ष पुन्हा उजळतात. पहिल्याच दिवशी जे मागितले होते, ते द्यायला त्याला युगे लागली.

फेआनोरची आई मीरिएल त्याच्या जन्मानंतर मरून मांदोसला गेली होती. उशिराच्या एका लेखनात टॉल्किन सांगतात, की खून झालेला फिन्वे तिथे तिला भेटला. तिने पुन्हा जगावे म्हणून त्याने स्वतःचे परतणे कायमचे सोडून दिले. ज्याच्यासाठी मुलगा आणि नातवंडे रक्त सांडत होती, त्या बापाला सूड नको होता. मीरिएल वाइरेच्या घरी गेली आणि फिन्वेच्या कुळात घडलेले सारे वस्त्रांत विणू लागली, चांगलेही आणि वाईटही. झालेला अन्याय विसरा, असे टॉल्किन कुठेही म्हणत नाहीत. तो सांगितलाच पाहिजे, तपशिलासह सांगितला पाहिजे, पिढ्यान्‌पिढ्या सांगितला पाहिजे. पण मुलांच्या हाती द्यायचे ते आईने विणलेले वस्त्र. बापाची शपथ बापाबरोबरच संपली पाहिजे.