परवानगीचा डोस : गरजेपुरता आणि मुदतीचा

दवाखान्यात येणाऱ्या मंडळींच्या तक्रारींत अलीकडे एका नव्या तक्रारीची भर पडली आहे. "डॉक्टर, मोबाइलवर सारखं येतंय, तुमच्या फोनमध्ये पाच व्हायरस आहेत, लगेच इथे दाबा." कुणाला तासातासाला संदेश येतो, "साखर सात दिवसांत मुळापासून घालवा", कुणाला "ब्लडप्रेशरची गोळी कायमची बंद". व्हायरसच्या धमकीने घरातल्या ज्येष्ठांची झोप उडते, हे वाईटच. पण दुसऱ्या प्रकारच्या संदेशावर भरवसा ठेवून चालू गोळी परस्पर बंद करणाऱ्यांचे काय होते, ते आम्हा डॉक्टरांना पाहावे लागते. म्हणून हा विषय आरोग्याच्या सदरात घेतला आहे.

हे संदेश येतात कुठून? बहुतेक वेळा फोनमध्ये व्हायरस वगैरे काही नसतो. केव्हातरी क्रिकेटचा स्कोअर, हळदीचा भाव किंवा एखादा सिनेमा शोधताना पानावर एक चौकट उघडते. त्यात दोन बटणे असतात, 'ब्लॉक' आणि 'अलाऊ'. काही लबाड पानांवर तर "आपण रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा" असे लिहिलेले असते. हे साफ खोटे आहे. आपण घाईत अलाऊ दाबतो आणि त्या संकेतस्थळाला आपल्या फोनवर सूचना पाठवण्याचा परवाना मिळतो. पान बंद केले तरी परवाना चालूच राहतो. मग व्हायरसची धमकी काय आणि मधुमेहाचे चूर्ण काय, सगळे त्याच दारातून आत येते. मधुमेह, उच्च रक्तदाब, मोतीबिंदू अशा आजारांवर हमखास इलाज असल्याची जाहिरात करण्यास आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हेही या निमित्ताने लक्षात ठेवावे. अशी जाहिरात करणारा पहिल्याच पावलाला कायदा मोडत असतो. त्याचे औषध कसे असेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आता थोडे आतले पाहू. आपण ज्या साधनातून संकेतस्थळे उघडतो, त्याला ब्राउझर म्हणतात. संकेतस्थळाचे पान नुसती अक्षरे आणि चित्रे घेऊन येत नाही. त्यासोबत 'स्क्रिप्ट' नावाच्या बारीकसारीक आज्ञा येतात आणि त्या आपल्याच यंत्रावर चालतात. १९९५ पासून ही सोय आहे. मिरजेच्या एखाद्या रुग्णालयाच्या पानावर तारीख निवडून नाव नोंदवता येते किंवा वीजबिल घरबसल्या भरता येते, ते या स्क्रिप्टमुळेच. म्हणजे स्क्रिप्ट हा रोग नव्हे. ब्राउझर तिला पानाच्या कुंपणात ठेवतो. त्या पानावर आपण जे लिहितो ते तिला वाचता येते, पण आपले ठिकाण, कॅमेरा, माइक किंवा सूचना यांसाठी तिला कुंपणाबाहेर यावे लागते आणि त्यासाठी आपली परवानगी लागते. ती चौकट म्हणजे कुंपणाचे फाटक. फाटकाची कडी आपल्या बोटाखाली आहे.

अडचण अशी, की एका पानावरच्या सगळ्या स्क्रिप्ट त्या पानाच्या मालकाच्या नसतात. जाहिरातीची एकीकडून, नकाशाची दुसरीकडून, पैसे भरण्याची तिसरीकडून येते. कृष्णामाई महाबळेश्वराहून निघते आणि वाई, माहुली, कऱ्हाड करीत सांगलीला पोचते. सांगलीच्या घाटावर उभे राहून पाणी कितीही निरखले, तरी वर कुठल्या गावाने त्यात काय सोडले ते डोळ्यांना दिसत नाही. संकेतस्थळाचेही तसेच आहे.

याचे बोलके उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेची अनेक पाने 'ब्राउजअलाऊड' नावाची एक स्क्रिप्ट वापरीत. दृष्टी अधू असलेल्यांना किंवा वाचनाची अडचण असलेल्यांना पान वाचून दाखवायचे, असे तिचे चांगले काम होते. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी ती स्क्रिप्ट मुळातच कुणीतरी दूषित केली. जगभरातील चार हजारांहून अधिक संकेतस्थळांनी ती घेतलेली होती. त्यांत सरकारी पाने होती आणि नागरिकांच्या माहितीचे रक्षण करणाऱ्या ब्रिटिश कार्यालयाचे स्वतःचे पानही होते. काही तास, जो कोणी ती पाने उघडेल त्याच्या संगणकाला गुपचूप आभासी चलन तयार करण्याच्या कामाला जुंपले जात होते. सुदैवाने त्यात कुणाचे पैसे गेले नाहीत. संगणक तापले आणि मंदावले इतकेच. त्याच वर्षी ब्रिटिश एअरवेज या विमान कंपनीच्या पानावरील स्क्रिप्टमध्ये मात्र फेरफार करून प्रवाशांनी भरलेले कार्डाचे आकडे पळवण्यात आले. दोन्ही वेळा पानाचे नाव खरे होते, पत्ता खरा होता. पाणी वरच नासले होते.

यावर काही जाणकार कडक पथ्य पाळतात. 'नोस्क्रिप्ट' नावाचे एक जोडसाधन २००५ पासून फायरफॉक्स ब्राउझरसाठी मिळते. ते कुठलीच अनोळखी स्क्रिप्ट आपणहून चालू देत नाही. आपण ज्या ठिकाणाला हो म्हणू तेवढीच चालते, आणि 'तात्पुरती परवानगी' निवडली तर ब्राउझर बंद होताच तीही संपते. कल्पना उत्तम आहे. पण माझे मत विचाराल, तर सरसकट सर्वांनी या वाटेला जाऊ नये. बँकेचे पान अर्धेच उघडते, अर्जाचे बटण दबत नाही, मग माणूस कंटाळून सगळेच खुले करून टाकतो. एकदम मीठ बंद करणारा रुग्ण आठव्या दिवशी लोणच्याच्या बरणीकडे वळतो, तशातला हा प्रकार. ज्या संगणकावर पतसंस्थेचे किंवा दवाखान्याचे व्यवहार होतात, तेथे जाणत्या माणसाच्या मदतीने ते बसवावे. इतरांनी त्यातले तत्त्व तेवढे घ्यावे, परवानगी कामापुरती द्यावी आणि काम झाले की परत घ्यावी.

उदाहरणार्थ, पाटण तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरील आजीबाईंना कऱ्हाडची खेप वाचवून सरकारच्या 'ई-संजीवनी' सेवेतून डॉक्टरांशी बोलायचे आहे. तेथे कॅमेरा आणि माइकला परवानगी द्यावीच लागेल, त्याशिवाय डॉक्टर आजींना पाहणार कसे? ती जरूर द्यावी. 'फक्त या वेळी' असा पर्याय दिसत असेल तर तो निवडावा. नसेल, तर बोलणे संपल्यावर नातवाने परवानगी काढून टाकावी. जवळचे औषध दुकान शोधताना ठिकाण सांगावे लागते, तेही तेवढ्या वेळेपुरतेच. सूचनांच्या बाबतीत मात्र मी आणखी कठोर आहे. वाचनासाठी उघडलेल्या पानाला सूचना पाठवण्याची परवानगी देण्याचे काहीच कारण नाही. तेथे नेहमी ब्लॉक.

आधीच दिलेल्या परवानग्या काढणे सोपे आहे. क्रोममध्ये वरच्या कोपऱ्यातील तीन टिंबे दाबावीत, सेटिंग्जमध्ये जाऊन 'साइट सेटिंग्ज' आणि त्यात 'सूचना' उघडावे. परवानगी दिलेल्या ठिकाणांची यादीच समोर येते. ओळखीचे नसेल ते काढावे. मग कॅमेरा, माइक आणि ठिकाण यांच्या याद्या पाहाव्यात. पाच मिनिटांचे काम आहे. व्हायरसचे संदेश बहुधा तेवढ्यानेच थांबतात. ते थांबवण्यासाठी पैसे भरून कुठलेही 'क्लीनर' घेऊ नये. तेच विकण्यासाठी तर ती धमकी असते.

पत्त्याशेजारच्या कुलपाबद्दलही गैरसमज आहे. कुलूप म्हणजे आपण आणि संकेतस्थळ यांच्यामधला रस्ता सुरक्षित. दुकानदार प्रामाणिक आहे, असा त्याचा अर्थ नाही. लोक तसाच अर्थ घेतात म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच बदलले. ब्राउझर अद्ययावत करण्याची सूचना सेटिंग्जमध्ये किंवा प्ले स्टोअरवर दिसली तर टाळू नये. मात्र तीच सूचना एखाद्या अनोळखी पानावर दिसली तर ती थाप समजावी. सेवा केंद्रात किंवा सायबर कॅफेत बसून तपासणीचा अहवाल पाहिला, तर पासवर्ड साठवू देऊ नये, लॉगआउट करावे आणि उतरवून घेतलेली फाइलही पुसावी.

आणि खात्यातून पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, बँकेला कळवून कार्ड बंद करवावे आणि आलेले संदेश तक्रार नोंदवेपर्यंत पुसू नयेत. गोळी बंद केली असेल, तर तेही आपल्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावे.