अडोबो, विंदालू आणि इंद्याल : नाव, पदार्थ आणि भाषांतर

तौलनिक साहित्याभ्यासात ‘प्रभाव’ ही संकल्पना जितकी सोयीची तितकीच फसवी ठरली आहे. दोन संस्कृतींत एकच नाव आढळले की त्यामागे एकच वस्तू असावी, असे अभ्यासक गृहीत धरतो. नावे भिन्न असली की वस्तूंमधील नाते त्याच्या दृष्टीतून निसटते. १९५८ साली चॅपेल हिल येथे भरलेल्या परिषदेत रेने वेलेक यांनी या शाखेवरील संकटाची चर्चा केली, तेव्हा त्यांचा मुख्य आक्षेप अशा देवघेवीच्या जमाखर्चावरच होता. कोणी कोणाकडून काय उचलले याची यादी तयार झाली, तरी जे उचलले गेले त्याचे नव्या जागी काय झाले, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. हा प्रश्न साहित्यकृतींपेक्षा कधीकधी एखाद्या साध्या पाककृतीच्या आधारे अधिक स्पष्टपणे मांडता येतो. फिलिपाईन्समधील अडोबो आणि गोव्यातील विंदालू हे दोन पदार्थ त्या दृष्टीने परस्परांचे आरसे आहेत. एका ठिकाणी नाव बाहेरून आले आणि पदार्थ आधीपासूनच तेथे होता. दुसऱ्या ठिकाणी पदार्थ बाहेरून आला आणि नाव वाटेत बदलत गेले.

१. कृतीची संहिता

डुकराचे मांस आणि कोंबडी एकत्र घालून केला जाणारा अडोबो हा फिलिपिनो घरांतील नेहमीचा प्रकार आहे. घरगुती प्रमाण साधारणतः असे असते : पोटाकडचे चरबीयुक्त डुकराचे मांस अर्धा किलो, कोंबडीचे हाडांसकट तुकडे अर्धा किलो, व्हिनेगर अर्धा कप, सोया सॉस अर्धा कप किंवा थोडा कमी, ठेचलेल्या लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, अख्खे काळे मिरे एक चमचा, लॉरेलची दोन-तीन पाने आणि एक कप पाणी. दोन्ही मांसांना शिजायला लागणारा वेळ भिन्न असल्यामुळे क्रम महत्त्वाचा ठरतो. डुकराचे मांस आधी मंद आचेवर पाऊण तास शिजू द्यावे लागते; कोंबडी नंतर घालून आणखी सुमारे अर्धा तास. दोन्ही एकदमच घातल्यास कोंबडी हाडांपासून सुटते आणि डुकराचे मांस मात्र चिवट राहते. व्हिनेगर घातल्यावर त्याला एक उकळी येईपर्यंत ढवळू नये, असा तेथील गृहिणींचा दंडक आहे. त्यामुळे आंबटपणाचा कच्चा उग्रपणा जातो, अशी त्यामागची समजूत. शेवटी रस आटवतात आणि सुटलेल्या चरबीतच मांसाचे तुकडे परतून घेतात.

या कृतीमागचे कारण टिकाऊपणाचे आहे. उष्ण व दमट हवेत मांस काही तासांतच नासू लागते. व्हिनेगरमधील आम्ल आणि मीठ यांच्या संयोगाने जंतूंची वाढ मंदावते, आणि वर साकळलेला चरबीचा थर हवेला अटकाव करतो. म्हणूनच हा पदार्थ दुसऱ्या दिवशी अधिक चवदार लागतो. आम्लाची धातूशी प्रक्रिया होत असल्यामुळे तो मातीच्या किंवा मुलामा दिलेल्या भांड्यात करण्याची रीत आहे; कल्हई नसलेले पितळेचे पातेले किंवा साधे ॲल्युमिनियमचे भांडे त्यासाठी अयोग्य. येथवरच्या वर्णनात स्पेनचा उल्लेख आलेला नाही, आणि तो येण्याची आवश्यकताही नव्हती.

२. नाव कोणाचे?

‘अडोबो’ हा शब्द मात्र निःसंशय स्पॅनिश आहे. मांस मसाल्यात वा आंबट द्रवात मुरवणे या अर्थाच्या ‘अडोबार’ या क्रियापदापासून तो आला. यावरून फिलिपिनो अडोबो ही स्पॅनिश देणगी आहे असा निष्कर्ष काढणे सहज शक्य आहे, आणि तसा तो अनेकदा काढलाही जातो. परंतु पुरावा वेगळे सांगतो. १५२१ साली मॅगेलनच्या तुकडीबरोबर या बेटांवर आलेल्या अंतोनियो पिगाफेट्टाने माडाचे वर्णन करताना त्यापासून मिळणाऱ्या मद्याबरोबर व्हिनेगरचीही नोंद केली आहे. लेगास्पीची मोहीम १५६५ मध्ये आली आणि मनिला ही सत्तेची राजधानी १५७१ मध्ये झाली. म्हणजे आंबवलेल्या माडरसाचे ज्ञान स्पॅनिश सत्तेपूर्वीचे आहे. १६१३ साली पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा या धर्मोपदेशकाचा टागालोग शब्दकोश लागुना प्रांतातील पिला येथे छापला गेला. आंबट द्रवात मांस-मासे तयार करण्याच्या स्थानिक रीतीसाठी असलेल्या टागालोग शब्दाचा अर्थ देताना त्याने तिला देशी लोकांचा अडोबो ठरवले. त्याने एक अनोळखी वस्तू पाहिली, आपल्या घरच्या वस्तूशी तिचे साम्य त्याला जाणवले, आणि त्या साम्याला त्याने नाव दिले. पुढे शासकांचे नाव राहिले, आणि ज्यांचा पदार्थ होता त्यांनीही ते स्वीकारले.

सोया सॉस हा या पदार्थातील आणखी नंतरचा थर. त्यासाठीचा फिलिपिनो शब्द ‘तोयो’ हा चिनी व्यापाऱ्यांच्या होक्किएन बोलीतून आला. सोया सॉस न घालता केलेला ‘पांढरा अडोबो’, नारळाच्या दुधातील अडोबो आणि बातांगास भागातील हळदीचा पिवळा अडोबो हे प्रकार आजही केले जातात. म्हणजे ज्याला आज मूळ रूप समजले जाते, तेही अनेक रूपांपैकी एक आहे. स्पॅनिश साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला हेच नाव वेगळ्याच वस्तूंना चिकटले : मेक्सिकोत अडोबो म्हणजे वाळलेल्या मिरच्यांचे वाटण, तर प्वेर्तो रिकोत कोरड्या मसाल्याचे मिश्रण. नाव एक, वस्तू तीन. नामसाम्यावर आधारलेला प्रभावाचा सिद्धान्त येथे टिकत नाही.

साहित्याची अध्यापक असलेल्या डोरीन फर्नांडिस (१९३४–२००२) यांनी फिलिपिनो आहाराचा अभ्यास याच दिशेने नेला. ‘तिकिम’ (१९९४) यासारख्या पुस्तकांतून त्यांनी परकीय पदार्थ स्थानिक रुचीत कसा सामावला जातो याचा विचार केला. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाच्या मांडणीमुळे मराठी वाचकाला हा विचार अपरिचित वाटू नये. अडोबोच्या बाबतीत मात्र एक पाऊल पुढे जावे लागते : येथे परकीयाचे देशीकरण झालेले नाही, तर देशी वस्तूला परकीय नामकरण सोसावे लागले आहे.

३. विंदालू : वस्तू आली, नाव बदलले

गोव्याचे उदाहरण उलट्या दिशेचे आहे. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १९६१ पर्यंत तेथे त्यांची सत्ता राहिली. ‘कार्ने दे व्हिन्या द’आल्योश’ हा मद्य वा व्हिनेगर आणि लसूण यांत मुरवलेल्या मांसाचा पोर्तुगीज पदार्थ. मदैरा बेटावर तो आजही नाताळात केला जातो. गोव्यातील हिंदू स्वयंपाकात आंबटपणासाठी आमसूल, चिंच, कैरी आणि बिंबले होती. व्हिनेगरमध्ये मांस मुरवण्याची रीत तेथे नव्हती. माडाची सूर मात्र होती. गार्सिया द ओर्ताने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात माड व सूर यांविषयी लिहिले आहे. रेंदेराने काढलेल्या सुरेपासून केलेले व्हिनेगर द्राक्षमद्याच्या जागी आले. अमेरिकेतून आलेली मिरची, जिरे, दालचिनी, लवंगा, हळद आणि आले यांचे व्हिनेगरमध्येच केलेले वाटण त्यात मिसळले. अडोबोत मिरे अख्खे असतात आणि रस जवळजवळ उघडा असतो. विंदालूत वाटण हाच पदार्थाचा देह असतो. तंत्र पोर्तुगीज राहिले, पण व्याकरण कोकणी झाले.

हा स्वीकार केवळ रुचीचा नव्हता, हेही विसरता येत नाही. अनंत काकबा प्रियोळकर यांनी ‘द गोवा इन्क्विझिशन’ (१९६१) या ग्रंथात १७३६ च्या फर्मानाचा परामर्श घेतला आहे. हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवण्यासही त्याने धर्मांतरितांना मनाई केली होती. चूल ही श्रद्धेची साक्ष मानली जात होती. अशा परिस्थितीत डुकराचे मांस शिजवणे वा न शिजवणे ही कृती शासकांच्याही आणि शेजाऱ्यांच्याही दृष्टीने अर्थपूर्ण होती. आज गोव्यातील ख्रिस्ती घरांत सणासुदीला आत्मीयतेने केला जाणारा पदार्थ एकेकाळी सक्तीच्या छायेत रुजला असणे शक्य आहे. प्रभावाच्या यादीत ही बाजू दिसत नाही, कारण यादीला देणारा आणि घेणारा एवढेच ठाऊक असते. घेण्याला पर्याय होता का, हे ती विचारत नाही.

नावाचा पुढचा प्रवास भाषाभ्यासकाच्या विशेष आस्थेचा आहे. एकेकाळी पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या वसई आणि मुंबई परिसरातील मराठी बोलणाऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात या पदार्थाचे नाव ‘इंद्याल’ झाले. याउलट इंग्रजी उपाहारगृहांच्या जगात ‘विंदालू’मधील शेवटचा अंश ‘आलू’ असा ऐकला गेला आणि त्यात बटाटे पडू लागले. पोर्तुगीज ‘आल्योश’ म्हणजे लसूण. बटाट्याचा त्याच्याशी संबंध नाही. हा गैरसमज कोकणी वा मराठी कानांना होणे कठीण होते, कारण या भाषांत बटाट्याला ‘बटाटो’ आणि ‘बटाटा’ म्हणतात, आणि हे शब्द स्वतःच पोर्तुगीज आहेत. ज्या भाषेत बटाट्याला ‘आलू’ म्हणतात, त्या हिंदी-उर्दूच्या छायेतच हा अपपाठ जन्म घेऊ शकतो. हस्तलिखितांचा अभ्यासक अपपाठावरून नकलकाराच्या प्रांताचा अंदाज बांधतो, त्याच न्यायाने विंदालूतील बटाटा त्या पदार्थाचा मार्ग सांगतो.

४. १६१३ आणि १६१६

१५८० ते १६४० या काळात स्पेन व पोर्तुगाल यांचे राजमुकुट एकाच राजाकडे होते. गोवा आणि मनिला एकाच मुकुटाखाली होती. सान बुएनाव्हेंतुराचा कोश १६१३ चा, तर १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. दोघेही धर्मप्रसारक, दोघांपुढे एकच अडचण : समानार्थी शब्द कोठून आणायचा? कोशकाराने देशी वस्तूला आपल्या घरचे नाव दिले. स्टीफन्स यांनी आपल्या श्रद्धेतील स्वर्गाला ‘वैकुंठ’ हे देशी नाव दिले आणि पुराणाचा देशी रचनाबंध स्वीकारला. पहिल्याने वस्तू त्यांची, नाव आपले असे केले. दुसऱ्याने वस्तू आपली, नाव त्यांचे असे केले. दोन्ही भाषांतरे सत्तेच्या छायेतच झाली, परंतु त्यांचे परिणाम समान नाहीत. वैकुंठ या शब्दाला आधीच अर्थ होता, त्यामुळे तो नव्या अर्थाशी वाद घालू शकला. अडोबो या नावाखाली गेलेला टागालोग शब्द मात्र त्या पदार्थापुरता मागे पडला.

५. रायपूरचे स्वयंपाकघर

भाषांतराची कसोटी मूळ सामग्री उपलब्ध नसलेल्या ठिकाणी लागते. रायपूर समुद्रापासून दूर, भाताच्या प्रदेशातील शहर. नागपूरकर भोसल्यांच्या अमलामुळे आणि नंतर मध्य प्रांतातील प्रशासन व रेल्वे यांमुळे मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. त्यांच्या घरातील सामिष रुची प्रामुख्याने वऱ्हाडी-नागपुरी, म्हणजे मसाल्याची व तिखटाची. छत्तीसगढी आंबटपणा चिंच, ताक आणि मराठीत ज्याला अंबाडी म्हणतात त्या अमारी भाजीचा. व्हिनेगर या दोन्ही परंपरांच्या परिघावरच राहिले.

अशा घरात अडोबो करू पाहणाऱ्यासमोर प्रत्येक घटक भाषांतराचा प्रश्न होऊन येतो. लॉरेलच्या पानाला पाकपुस्तके सर्रास ‘तमालपत्र’ म्हणतात. पण तमालपत्र हे दालचिनीच्या कुळातील झाडाचे पान, त्यावर तीन लांब शिरा असतात आणि गंध दालचिनी-लवंगेकडे झुकतो. लॉरेलच्या पानाला एकच मध्यशीर असते आणि गंध वेगळा. शब्दकोशातला समानार्थ नाकाला पटत नाही. बाजारातले पांढरे व्हिनेगर पुष्कळदा केवळ पाणी घालून सौम्य केलेले आम्ल असते. त्यापेक्षा उसाचा सिरका अधिक जवळचा, कारण फिलिपाईन्सच्या उत्तरेकडील इलोकोस भागात उसाचेच व्हिनेगर वापरतात. हाताशी गडद सोया सॉस असल्यास प्रमाण कमी करून चव पाहत मीठ घालावे लागते. तमालपत्र वापरायचेच तर एकच पान पुरते. अन्यथा ते न घालणे मूळ संहितेशी अधिक इमान राखणारे ठरेल.

याहून विचार करण्याजोगी शक्यता जवळच आहे. बस्तरमध्ये काढली जाणारी सल्फी हा कोकणात ज्याला भेर्ली माड म्हणतात त्याच झाडाचा रस. ताजी सल्फी गोड असते, काही तासांत ती मादक होते आणि पुढे आंबटते. मनिलाचा माडरस, गोव्याची सूर आणि बस्तरची सल्फी ही एकाच प्रक्रियेची तीन रूपे आहेत. यांत कोणी कोणाकडून काही घेतल्याचा दावा करण्याचे कारण नाही. हे साधर्म्य आहे, प्रभाव नव्हे. ते ओळखण्यासाठी राजधान्यांचा नकाशा उपयोगी पडत नाही. झाडाची आणि हवेची माहिती लागते.

६. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती लागतात. नामसाम्य हा संबंधाचा पुरावा नसून फार तर चौकशीचा आरंभबिंदू असतो. अपपाठ ही निव्वळ चूक नसते. तो प्रवासाचा दस्तऐवज असतो. आणि कोणत्याही सांस्कृतिक देवघेवीत वस्तू कोणाची यापेक्षा नाव देण्याचा अधिकार कोणाकडे होता, हा प्रश्न अधिक मूलभूत असतो. मराठीतील कादंबरी, सुनीत वा शोकांतिका यांची चर्चा बहुधा विंदालूच्या नमुन्यावर होते : वस्तू बाहेरून आली आणि येथे रुळली. परंतु आपल्या परंपरेतील किती रचनाप्रकार अडोबोच्या नमुन्यातले आहेत, म्हणजे आधीपासून येथे असूनही ‘भावगीत’ यासारख्या परक्या कल्पनांवर घडलेल्या संज्ञांखाली नोंदले गेले आहेत, याची मोजदाद अद्याप व्हावयाची आहे. आख्यान, बखर आणि लावणी यांच्या अभ्यासकांनी तिचा आरंभ करावा, कारण परक्या संज्ञांच्या दाराशी या तीन प्रकारांना सर्वाधिक काळ ताटकळावे लागले आहे.