उन्हावर उडणारं कारंजं

कारंजं म्हटलं की राजवाडे आठवतात. पण कारंज्याला राजा लागत नाही, पाण्याला वर ढकलणारं काहीतरी लागतं. श्रीनगरच्या शालिमार बागेत जहांगीर बादशहाच्या काळी ते काम उंचीनं केलं. डोंगराकडून कालव्यानं आलेलं पाणी टप्प्याटप्प्यानं उतरायचं आणि वरच्या पाण्याच्या दाबानं खालची कारंजी उडायची. औरंगाबादच्या, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरच्या, पाणचक्कीतही डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून यायचं आणि उंचावरून पडून जातं फिरवायचं. ना पंप, ना इंधन.

आपल्या अंगणात डोंगर नाही. ऊन मात्र मुबलक आहे, आणि त्यावर चालणारी छोटी कारंजी आता बाजारात सहज मिळतात. एक सौर पॅनेल, पाण्यात बुडवायचा एक लहान पंप आणि धारेसाठी एक तोटी, एवढाच हा संसार. मोठ्या वहीच्या पानाएवढं पॅनेल भर दुपारी साधारण दहा वॅट वीज देतं. तेवढ्यावर हात-दीड हात उंचीची धार आरामात उडते. बॅटरी नसेल तर ढग आला की धार खाली बसते. तो बिघाड नव्हे, यंत्राचा स्वभावच तसा आहे.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, थोडं तिरकं ठेवावं. त्याच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी वीज बरीच घटते. म्हणून तारेनं जोडलेलं वेगळं पॅनेल घ्यावं, म्हणजे पॅनेल उन्हात आणि कुंडं झाडाखाली ठेवता येतं. पॅनेलवरची धूळ पुसत राहावी. पंप कोरडा चालू देऊ नये, जळतो. बोअरच्या पाण्याचे क्षार तोटीत साचले, तर ती लिंबाच्या रसात भिजत घालावी.

आता खरा प्रश्न. जिथं टँकरची वाट पाहावी लागते, तिथं ही चैन नाही का? प्रश्न रास्त आहे. कारंज्यात तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरतं; घटतं ते वाफेनं आणि वाऱ्यानं उडालेल्या तुषारांनी. म्हणून कुंडं रुंद आणि धार बुटकी हवी. धारेची उंची कुंड्याच्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त नसावी. पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण असेल, तर पंप खुशाल बंद ठेवावा आणि पाखरांसाठी नुसतं पसरट भांडं भरून ठेवावं.

दुसरी काळजी डासांची. हलत्या पाण्यात डासांना अंडी घालणं अवघड जातं, पण सूर्य मावळला की आपलं कारंजं झोपतं आणि पाणी साचून राहतं. डेंग्यूचा डास अंडी घालतो ती भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेजवळ. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात. म्हणून आठवड्यातून एकदा कुंडं रिकामं करावं, कडा घासून काढाव्यात. ते पाणी मोगऱ्याला, कढीपत्त्याला घालावं. वाया काहीच जात नाही. कुंडं मोठं असेल तर गप्पी मासे सोडावेत.

आणि कुंड्यात एक दगड ठेवायला विसरू नये, पाण्याच्या जरा वर येणारा. चिमणी-बुलबुलांना पाय टेकायला जागा लागते. ज्या उन्हाला चैत्र-वैशाखात आपण शिव्या देतो, त्याच उन्हानं त्यांच्या चोचीपाशी पाणी खेळवलं, तर त्या उन्हाचा राग थोडा कमी होतो.