शेंदरी अक्षरं आणि आठ पायांचा घोडा

दक्षिण नॉर्वेतल्या गोकस्टाडच्या शेतावर एक मोठं टेकाड होतं. त्याच्या पोटात कुणी राजा निजलाय, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या बोललं जायचं. १८८० च्या हिवाळ्यात त्याच शेतावरच्या मुलांनी कुदळ मारली, मग पुरातत्त्वाचे जाणकार आले, आणि खालच्या चिकणमातीतून चक्क वायकिंगांचं एक जहाज वर आलं! ओकच्या लाकडाचं, तेवीस मीटरहून लांब, जवळपास हजार वर्षं मातीखाली राहिलेलं. पण मला सगळ्यात जास्त थक्क करतात त्या जहाजाच्या कडांना ओळीनं लावलेल्या ढाली. एका बाजूला ३२, दुसऱ्या बाजूला ३२. आणि त्यांचे रंग? एक पिवळी, एक काळी, पुन्हा पिवळी, पुन्हा काळी.

वायकिंग म्हटल्यावर आपल्या मनात काय उभं राहतं? धुकं, करडा समुद्र, करडे दगड, करडं पोलाद. सिनेमावाल्यांनीही तोच करडेपणा लावून धरला. आणि इथे तर पिवळ्याकाळ्या पट्ट्यांचं एक भडक जहाज समुद्रातून येतंय! त्या काळाची किंवा त्यांच्या देवांची चित्रं काढायची असतील, तर पहिली गोष्ट ही: तुमच्या पॅलेटवरचा करडा रंग बाजूला ठेवा.

मग ते करडे दगड? स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये रून लिपीतले लेख कोरलेल्या शिळा जागोजागी उभ्या आहेत. मेलेल्या बापाची, भावाची, मुलाची आठवण म्हणून उभ्या केलेल्या. आज त्या उघड्या दगडासारख्या दिसतात, कारण हजार वर्षांचा पाऊस, बर्फ आणि दगडफूल यांनी त्यांच्यावरचं सगळं धुऊन, खाऊन टाकलं. पण काही शिळांचं नशीब वेगळं निघालं. पुढे ख्रिस्ती काळात चर्च बांधताना गवंड्यांनी त्या फोडून भिंतींत आणि जमिनीत घातल्या. म्हणजे त्यांची नासधूसच केली, पण त्याच नासधुशीनं रंग वाचवला! ओलंड बेटावरच्या एका चर्चमधून असे तुकडे निघाले, आणि त्यांच्यावर तांबडा, काळा, पांढरा रंग अजून चिकटून होता. काही शिळांवर तर कोरणाऱ्याच्या जोडीला रंग देणाऱ्याचंही नाव आहे. एकानं कोरायचं, दुसऱ्यानं रंगवायचं. रंगाऱ्याचा केवढा मान!

हा तांबडा रंग होता कशाचा? कुठे साधा गेरू. आणि कुठे, जरा थांबून वाचा, शेंदूर. आपल्याकडे मारुतीच्या आणि गणपतीच्या मूर्तींवर पिढ्यान्‌पिढ्या चढत आलेला पारंपरिक शेंदूर आणि या उत्तरेकडच्या शिळांवरचा शेंदरी रंग रसायन म्हणून एकच आहेत: शिशाचे तीन अणू, ऑक्सिजनचे चार. शिसं हवेत भाजलं की आधी पिवळट मुरदाडशिंग होतं. तेच पुढे साडेचारशे अंशांच्या आसपास भाजत राहिलं की रंग चढत चढत शेंदरी होतो. आच फार वाढली तर पुन्हा पिवळा! म्हणजे तापमापक नसलेल्या काळात कुणीतरी भट्टीशी बसून नुसत्या नजरेनं आच सांभाळत होतं. शिसं विषारी असल्यामुळे आज हा उद्योग घरी कुणी करू नये, पण त्या नजरेला दाद द्यावीच लागते.

आता देवांकडे वळू. ओडिन हा देवांचा राजा, एकाक्ष, ज्ञानासाठी एक डोळा देऊन बसलेला. त्याचा घोडा स्लाइपनिर, याला पाय आठ. त्याच्या जन्माची कथा तर अफाट आहे: लोकी नावाच्या कपटी देवानं घोडीचं रूप घेतलं आणि तिच्या पोटी हा घोडा जन्मला. म्हणजे लोकी त्याची आई! ही कथा आपल्याला कळते ती आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसनमुळे. त्यानं ती १२२० च्या सुमारास लिहिली. पण तोवर आइसलंड ख्रिस्ती होऊन दोनशे वर्षं उलटली होती. मग स्नोरीनं पदरचं किती घातलं असेल, अशी शंका येणं साहजिक आहे, नाही का?

उत्तर दगडात मिळतं. बाल्टिक समुद्रातल्या गोटलंड बेटावर चुनखडीच्या चित्रशिळा आहेत, चारशेहून जास्त, बऱ्याचशा वर गोलसर टोपीसारखा माथा असलेल्या. त्यातली शेंगविदे इथली शिळा १८४४ साली सापडली, आज ती स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात आहे. तिच्या वरच्या भागात एक स्वार आहे, समोर एक बाई त्याला पेयाचं शिंग पुढे करते आहे, आणि त्याच्या घोड्याचे पाय मोजा. पुढे चार, मागे चार! स्नोरीच्या किती तरी पिढ्या आधी, समुद्रापलीकडच्या बेटावर, कुणा कारागिरानं तोच घोडा कोरून ठेवलाय. मधली शतकं हा घोडा माणसांच्या तोंडी जगला आणि त्यानं एक पायही गमावला नाही.

चित्रकाराच्या डोळ्यांनी बघा, म्हणजे त्या कारागिराची युक्ती कळेल. घोड्याला मधेच, पोटाखाली, जास्तीचे पाय चिकटवले तर तो कोळ्यासारखा दिसेल. त्यानं तसं केलं नाही. प्रत्येक पायाशेजारी त्याचा जोडीदार ठेवला, जरासा सरकवून. त्यामुळे पोटाखाली मोकळी जागा राहते, घोडा घोडाच राहतो, आणि पाय धावताना एकात एक मिसळल्यासारखे वाटतात. कॅमेऱ्याआधी कितीतरी शतकं त्यानं वेग असा पकडला!

मात्र या शिळा बघताना एक मोठी भानगड आहे. कोरीव उंचवटा इतका कमी, काही मिलिमीटरचा, की दुपारच्या उन्हात समोर उभं राहिलं तर कोरा दगड दिसतो. संध्याकाळी कडेनं ऊन आलं की घराच्या सपाट वाटणाऱ्या भिंतीवर प्लास्टरचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो ना, अगदी तसंच इथेही होतं. म्हणून स्वीडिश अभ्यासक सुने लिंडक्विस्ट यांनी बाजूनं दिवा धरून एकेक रेघ शोधली, ती दगडावरच रंगानं भरली आणि फोटो काढले. १९४१–४२ साली त्यांचे ग्रंथ आले, आणि जगभरच्या पुस्तकांत गेली ती ही भरलेली चित्रं. आता कॅमेरा एका जागी ठेवून दिव्याची दिशा बदलत अनेक फोटो काढतात, संगणक ते एकत्र करतो, आणि पडद्यावर ऊन हवं तिकडून पाडता येतं. त्यातून कळलं की काही रेघा वेगळ्याच होत्या! कुठे कुठे लिंडक्विस्ट यांच्या ब्रशनं जे दाखवलं, ते दगडात नव्हतंच. हजार वर्षं जुना दगड अजून वाचून व्हायचाय, ही मला विलक्षण आनंदाची बातमी वाटते.

मग आपल्या मनातले शिंगवाले, सोनेरी केसांचे वायकिंग आले कुठून? एकोणिसाव्या शतकातल्या स्टुडिओंतून. १८७२ साली स्वीडिश चित्रकार मोर्टेन एस्किल विंगे यानं थोर या देवाची राक्षसांशी लढाई रंगवली. जवळजवळ पाच मीटर उंचीचं चित्र, मेंढ्यासारख्या शिंगांचे दोन बोकड रथाला जुंपलेले, वर हातोडा उगारलेला. त्यातला थोर सोनेरी केसांचा आहे. जुन्या कथांतल्या थोरची दाढी तांबडी आहे! पण चित्र जिंकलं, आणि पुढे कॉमिक्समधला थोरही सोनेरीच झाला. शिरस्त्राणांवरच्या शिंगांचं श्रेय मोठ्या प्रमाणात जातं कार्ल एमिल डोप्लरला, त्यानं १८७६ साली बायरॉइटला वाग्नरच्या संगीतनाट्यासाठी पोशाख आखले. खरं वायकिंग शिरस्त्राण १९४३ साली नॉर्वेत ग्येर्मुंडबू इथे सापडलं: गोल, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी कड, शिंगं नाहीत. शिंगांची कांस्य शिरस्त्राणं डेन्मार्कमध्ये निघाली आहेत खरी, पण ती वायकिंगांच्याही सतराशे वर्षं आधीची.

विंगेच्या चित्राची भव्यता मला मान्य आहे. पण वायकिंगांची स्वतःची रेघ बघायची असेल, तर नॉर्वेतल्या उर्नेसच्या लाकडी चर्चकडे जावं. अकराव्या शतकातलं कोरीव दार तिथे उत्तरेच्या भिंतीत बसवलेलं आहे. एक सडपातळ चौपायी प्राणी सापाला चावतोय, साप त्याला चावतोय, आणि दोघांभोवती आणखी वेटोळी. मान कुठे संपते आणि पाय कुठे सुरू होतो, हे बोटानं माग काढल्याशिवाय कळत नाही. रेघा दोनच जाडीच्या, एक भरीव आणि एक दोऱ्यासारखी. सगळा डौल त्या दोन जाड्यांच्या खेळातून येतो.

ही गुंफण तुम्हाला आत्ता काढता येईल. कागदावर पेन्सिल न उचलता एक वेडीवाकडी रेघ काढा, हवी तितकी स्वतःला छेदू द्या, फक्त एकाच बिंदूतून तीनदा नेऊ नका, आणि शेवटी सुरुवातीच्या जागी आणून मिळवा. आता त्या रेघेवरून चालायला लागा. पहिल्या छेदाला वरून, दुसऱ्याला खालून, तिसऱ्याला वरून. प्रत्येक छेदावर तुम्ही दोनदा येणार. दुसऱ्यांदा येताना गोंधळ होईल, वरचा पुन्हा वरच येईल, असं वाटतं ना? कधीच होत नाही! कितीही किचकट रेघ काढा. एका छेदावरून निघून परत तिथेच येईपर्यंत मधे जितके छेद लागतात, त्यांची संख्या नेहमी समच भरते, म्हणून वर-खालीचा हिशेब आपोआप जुळतो. हे गणितानं सिद्ध करता येतं. उर्नेसच्या सुताराजवळ गणित नव्हतं, त्याच्या छिन्नीला ते ठाऊक होतं.

रेघेला पट्ट्याची जाडी द्या. मग बाहेरच्या कडेला एका जागी पट्टा कापा. एका टोकाला निमुळतं डोकं काढा, त्यात बदामाच्या आकाराचा मोठा डोळा, टोक नाकाकडे. दुसऱ्या टोकाला बारीक होत जाणारी शेपटी. भरायला गेरू घ्या आणि कडेला काजळीचा काळा.